बोलत नाहीत, पण शेजारी बसतात

नाशिकरोडला जेलरोडच्या आतल्या अंगाला सिस्टरांची एक मराठी प्राथमिक शाळा आहे. सुवर्णा तिथं चौथीला शिकवते. लग्न होऊन ती मखमलाबादहून जवळच्या उपनगर भागात आली तेव्हा डी.एड. झालेलं होतं, सरकारी भरती बंद होती, आणि कुणीतरी सांगितलं की सिस्टरांकडे एक टीचर बाळंतपणाच्या रजेवर आहेत, तेवढ्यापुरतं जाऊन बघ. ती गेली ती तिथंच राहिली. ज्या टीचरच्या जागेवर ती आली, त्यांचा मुलगा आता कॉलेजात जातो.

माहेरी फुलशेती. दसरा जवळ आला की घरात पाय ठेवायला जागा नसायची, झोपायला जायचं तेसुद्धा झेंडूच्या ढिगांमधून वाट काढत. लहानपणी सुवर्णाला विचारत सुटायची खोड होती. झेंडूचा वास हाताला चिकटतो तसा शेवंतीचा का चिकटत नाही? मोठी आत्या आपल्याकडे येते, मग तिच्या घरचे का येत नाहीत? झेंडूच्या प्रश्नाला आजोबा काहीतरी ठोकून द्यायचे. आत्याचा प्रश्न निघाला की सगळ्यांना एकदम कामं आठवायची. ‘तुला काय करायचंय’ हे तिनं इतक्यांदा ऐकलं की विचारणं आपोआप थांबलं. पुढं ती शिक्षिका झाली ती एकदम तयारीची. फळ्यावर अक्षर मोत्यासारखं, पाठाचं टाचण वेळेवर. वर्गात प्रश्न तीच विचारायची आणि त्यांची उत्तरं तिला आधीपासून ठाऊक असायची.

एका वर्षी शाळा उघडल्यावर मुख्याध्यापिका सिस्टर ललितांनी तिला ऑफिसात बोलावलं. सिस्टर मूळच्या हरसूलकडच्या डोंगरातल्या. बोलणं हळू, चालणं भरभर. सुट्टीत धर्मप्रांताच्या शिक्षकांचं एक शिबिर झालं होतं, तिथून त्या काहीतरी घेऊन आल्या होत्या.

“मूल्यशिक्षणाच्या तासाला या सत्रात ‘नाती’ घेऊ या,” सिस्टर म्हणाल्या. “पण पाठ सांगायचा नाही. प्रश्न मुलांनी काढायचे, शोधायचं मुलांनी. तुम्ही बरोबर राहायचं.”

“आणि उत्तर चुकलं तर?”

“चुकेल की.”

“मग परीक्षेला काय विचारायचं?”

“याची परीक्षा नाही.”

घरी तिनं नवऱ्याला, समाधानला, हे सांगितलं. तो सिन्नरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्यानं शांतपणे विचार केला आणि म्हणाला, “म्हणजे तुला तासभर गप्प बसायचंय. जमेल?”

पहिल्या तासाला जमणं कठीणच होतं. मुलांना एकदा कळलं की काहीही विचारलं तरी चालतं, मग काय. मांजर आपल्याला नातेवाईक समजतं का? आईबाबा भांडतात तेव्हा ते एकमेकांचे कोण असतात? सिस्टरना सगळे सिस्टर म्हणतात, पण त्या कुणाच्या सख्ख्या बहीण आहेत का? सुवर्णा फळ्यावर लिहीत गेली. तेवढ्यात वेदिका उभी राहिली. ही दुसऱ्या बाकावरची, दोन घट्ट वेण्यांची मुलगी, एरवी फार बोलत नसे.

“जी माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत, त्यांचं नातं असतं का?”

“नसतं,” मागून बुद्धभूषण म्हणाला. “मी आणि राज बोलत नाही. आमचं काहीच नाही.”

“मग तू रोज त्याच्या डब्यात काय आहे ते का बघतोस?” वेदिकेनं विचारलं.

वर्ग हसला. बुद्धभूषण विचारात पडला. सुवर्णाच्या जिभेवर उत्तर तयार होतं, प्रेम शब्दांवाचूनही असतं वगैरे, आणि ते तिनं मोठ्या कष्टानं गिळलं.

वेदिकेनं प्रश्न हवेतून काढला नव्हता. शाळेच्या मागच्या गल्लीत भाजीबाजार भरतो. तिथं दोन म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसतात, एक चेहेडीच्या नवसाबाई आणि दुसऱ्या पळशाच्या धोंडाबाई. वेदिका आईबरोबर रोज संध्याकाळी जायची. “त्या एकमेकींशी एक शब्द बोलत नाहीत,” ती म्हणाली. “पण एक पाणी प्यायला गेली की दुसरी तिची भाजी विकते. भाव पण तिचाच सांगते. ती परत आली की काही न बोलता सरकून बसते.”

सुवर्णा त्याच दोघींकडून कितीतरी वर्षं मेथी-कोथिंबीर घेत होती. तिच्या हे कधीच लक्षात आलं नव्हतं.

पालकांना विचारून, सिस्टरांची परवानगी घेऊन, शनिवारी शाळा सुटल्यावर मुलांची एक तुकडी समोरच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसवली. नुसतं बघायचं, बोलायचं नाही, एवढंच ठरलं होतं. मुलांनी बघितलं ते असं. दोघींच्या डोक्यावर ताडपत्री एकच, तिचं एक टोक हिच्या बांबूला, दुसरं तिच्या. नवसाबाईंकडे शेपू नसला की त्या गिऱ्हाइकाला बोटानं शेजारी दाखवतात, नाव घेत नाहीत. धोंडाबाई चहा मागवतात तेव्हा दोन कप येतात. दुसरा कप कुणी मागत नाही, कुणी देतही नाही. पोऱ्या तो मध्ये ठेवून जातो आणि थोड्या वेळानं तो रिकामा असतो.

“म्हणजे नातं आहे,” बुद्धभूषणनं निकाल दिला. “पण मग बोलत का नाहीत?”

हा प्रश्न त्यांनाच विचारायला हवा होता. वेदिकेनं नवसाबाईंना अदबीनं विचारलं. नवसाबाईंनी शेजारी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “इथं नगं. घरी या.”

म्हणून एका रविवारी वेदिका, तिची आई, बुद्धभूषण आणि सुवर्णा रिक्षानं चेहेडीला गेले. नवसाबाईंनी ओट्यावर गोधडी अंथरली, मुलांपुढं शेंगा ठेवल्या. दोघी सायखेड्याच्या, एकाच आळीतल्या. गोदावरीच्या घाटावर एकत्र धुणं धुतलेलं. लग्नं मागंपुढं झाली, एक चेहेडीला पडली, एक पळशाला, आणि भाजी घेऊन बाजारात बसायला लागल्या त्यासुद्धा एकत्र. मग नवसाबाईंची मुलगी आणि धोंडाबाईंचा मुलगा लग्नाचे झाले.

“सुपारी फोडायची तेवढी बाकी व्हती,” नवसाबाई म्हणाल्या. “सायखेड्याचा भिका दोन्हीकडून बोलत व्हता. आन त्योच निरोप घेऊन आला, का धोंडाबाईच्या घरून नको म्हणत्यात. आता तू सांग पोरी, नको तर नको. पर माझ्याम्होरं येऊन सांगायचं ना? ती आली नाय. तवापासून मी बोलत नाय.”

“मग तुम्ही जागा का नाही बदलली?” वेदिकेनं विचारलं.

“जागा माझी हाय. मी कशापायी बदलू?” नवसाबाई शेंगा सोलत राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “आन पलीकडं ऊन लय येतं.”

त्या रात्री सुवर्णानं आईला फोन केला आणि बोलता बोलता विचारून टाकलं, आत्याच्या घरचे आपल्याकडे का येत नसत? “तुला काय करायचंय,” आई म्हणाली, आणि मग पावसाचं विचारलं. सुवर्णाला फोन ठेवल्यावर हसू आलं.

पुढच्या रविवारी हीच मंडळी पळशाला धोंडाबाईंकडे गेली. धोंडाबाई उंच, आवाज खणखणीत, पण ही गोष्ट सांगताना तो खाली आला. “आमी त्यांची वाट बघत बसलो व्हतो. पुरणाचं केलं व्हतं. कुणी आलंच नाय. सांच्याला भिका आला, म्हनला, त्यांना पोरगी पुढं शिकवायचीय, सोयरीक नको. म्या नको म्हनलं नाय. कवाच नाय.”

रिक्षात परतताना मुलांना काय बोलू आणि काय नको असं झालं. दोन्हीकडे निरोप एकाच माणसानं नेला होता आणि दोघींनाही वाटत होतं की नकार समोरून आला. भिका तर केव्हाच वारला होता. “त्यानंच केलं,” वेदिका म्हणाली. बुद्धभूषण म्हणाला, “पण त्याला यातून काय मिळालं? आणि त्याला विचारता येत नाही, मग त्यानंच केलं असं कसं म्हणायचं?” खरं सांगायचं तर सुवर्णासुद्धा तितकीच रंगली होती. असं कुतूहल तिला फुलांच्या ढिगांतल्या त्या दिवसांनंतर प्रथमच जाणवत होतं. जेलरोडला उतरताना ती एवढंच म्हणाली, “काय करायचं ते सोमवारी वर्गात ठरवू.” सांभाळून राहा, हे कुणाला सांगू नका, असं म्हणायला हवं होतं, ते तिला सुचलं नाही.

वेदिकेला सोमवारपर्यंत धीर निघाला नाही. त्याच संध्याकाळी ती आईबरोबर बाजारात गेली. आई बटाटे निवडत होती आणि वेदिका आनंदानं, भरल्या बाजारात, नवसाबाईंना म्हणाली, “आजी, त्यांनी नकार दिलाच नव्हता. त्या पुरणपोळ्या करून तुमची वाट बघत होत्या. तुमच्या मुलीला त्या सून करणारच होत्या.”

शेजारी धोंडाबाईंचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. पलीकडचा कांदेवाला वळून बघायला लागला. एक बाई म्हणाली, “कुणाची मुलगी?” नवसाबाईंनी कुणाकडेही पाहिलं नाही. पाटी उचलली, पोत्याची घडी केली आणि चालू लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची जागा रिकामी होती. त्यानंतरही रिकामीच राहिली.

सोमवारी वेदिकेचे डोळे सुजलेले होते. तिनं स्वतःच सुवर्णाला सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. “मला वाटलं, त्यांना आनंद होईल.”

मधल्या सुट्टीत सुवर्णा सिस्टरांकडे गेली. आता हे बंद करा असं ऐकायला मिळेल अशी तिची खात्री होती, आणि एका परीनं तिला ते हवंही होतं. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

“आमच्याकडे कन्फेशन असतं, तुम्हाला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “माणूस फादरना सांगतो आणि ते तिथंच राहतं. लहान असताना मला वाटायचं, गावातल्या सगळ्यांचं फादरना ठाऊक आहे, मग हे भांडणं का नाही मिटवत? याचं त्याला सांगितलं की झालं. एकदा मी त्यांना विचारलंसुद्धा.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, ते माझं नाही ना, दुसऱ्याला द्यायला.” सिस्टर जायला उठल्या. “तास बंद करायचा की पुढे न्यायचा ते तुम्ही ठरवा. पण मुलांना विचारून ठरवा.”

त्या आठवड्याच्या तासाला सुवर्णानं वेदिकेचं नाव न घेता विचारायला सुरुवात केली, पण वेदिकाच उठून पुढं आली आणि काय घडलं ते वर्गाला सांगितलं. कुणी हसलं नाही. मुलं बराच वेळ भांडली. खरं सांगणं चांगलं असतं असं एका बाजूचं म्हणणं होतं. दुसरी बाजू म्हणत होती, खरं असलं तरी ते आजीचं होतं. राज, जो बुद्धभूषणशी बोलत नसे, तो म्हणाला, “माझी गोष्ट कुणी दुसऱ्यानं सांगितली तर मला राग येतो. खरी असली तर जास्त येतो.” बुद्धभूषणनं त्याच्याकडे पाहून मान हलवली. शेवटी ठरलं ते साधं होतं, माफी मागायला जायचं.

शनिवारी चेहेडीला निघण्याआधी सुवर्णा, वेदिका आणि बुद्धभूषण बाजारातून गेले. नवसाबाईंच्या रिकाम्या जागेवर धोंडाबाईंनी आपली पोती पसरून ठेवली होती. एक माणूस मोबाइलच्या कव्हरची गाडी तिथं लावायला बघत होता.

“हितं बाई बसती हाय,” धोंडाबाई त्याला म्हणाल्या.

“कुठंय? आठवडाभर तर कुणी नाही.”

“बसती म्हनलं ना.”

तो पुटपुटत गाडी घेऊन पुढं गेला. वेदिकेनं सुवर्णाचा पदर ओढला आणि कुजबुजली, “टीचर, हे नवसाबाईंना सांगायचं का?”

सुवर्णा थबकली. हे सांगितलं तर त्या बाईला किती बरं वाटेल. आणि मागच्या वेळीही नेमकं असंच वाटलं होतं. “तुला काय वाटतं?” तिनं विचारलं, आणि विचारताना तिच्या लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नाही.

वेदिकेनं थोडा विचार केला. मग ती धोंडाबाईंसमोर जाऊन उकिडवी बसली. “आजी, आम्ही नवसाबाईंकडे चाललोय. तुम्ही जागा ठेवलीय, हे त्यांना सांगू का? नको म्हणालात तर नाही सांगणार.”

धोंडाबाई मेथीची पिवळी पानं काढत राहिल्या. एक जुडी झाली, दुसरी घेतली.

“सांग,” त्या म्हणाल्या. “जागा राखलीय म्हनावं. तेवढंच. वाट बघती म्हनून सांगू नको.”

चेहेडीला नवसाबाई ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. या बसा म्हणाल्या, पण गोधडी अंथरली नाही. वेदिका उभ्यानंच बोलली. “आजी, तुम्ही मला घरी सांगितलं होतं आणि मी ते बाजारात बोलले. माझं चुकलं.”

“माझंही चुकलं,” सुवर्णा म्हणाली. “मुलांना मी आधी सांगायला हवं होतं.”

नवसाबाईंनी सुतळीला गाठ मारली. “माझ्या पोरीची गोष्ट चारचौघांत निघाली. ती नांदती हाय, तिची पोरं मोठी झालीत. उद्या तिच्या सासरी कुणी काय सांगितलं तर?”

“तिनं नाव नव्हतं घेतलं,” बुद्धभूषण म्हणाला.

“नाव घ्यायला लागतं व्हय रं?”

हे वेदिकेच्या डोक्यात आलंच नव्हतं, सुवर्णाच्याही नाही. वेदिकेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती रडली नाही. नवसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. सगळ्यांचं पाणी पिऊन झाल्यावर वेदिका म्हणाली, “धोंडाबाईंनी एक निरोप दिलाय. सांगू का?”

नवसाबाईंनी रिकामा तांब्या बाजूला ठेवला. नको म्हणाल्या नाहीत.

“तुमची जागा राखलीय, असं त्यांनी सांगायला सांगितलंय.”

“आन काय म्हनली?”

वेदिकेनं सुवर्णाकडे पाहिलं, मग पायांकडे. “आणखी काही सांगायला नाही सांगितलं.”

नवसाबाईंनी तिच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. “मंजी म्हनली हाय कायतरी,” त्या म्हणाल्या, आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. निघताना त्यांनी वेदिकेच्या हातात कोथिंबिरीची एक जुडी ठेवली.

नवसाबाई परत आल्या त्या गणपतीच्या आदल्या दिवशी. बाजारात चालायला जागा नव्हती. सुवर्णा दूर्वा घ्यायला गेली होती, तिनं पाहिलं. टेंपोतून पाटी उतरली. धोंडाबाईंनी आपली पोती गोळा केली, घडी करून बुडाखाली घेतली आणि थोड्या सरकल्या. नवसाबाई बसल्या, ताडपत्रीचं लोंबणारं टोक बांबूला घट्ट बांधलं आणि गिऱ्हाईक करायला लागल्या. बोलणं काही झालं नाही. सुवर्णा घुटमळत राहिली, शेवटी गर्दीनं तिला पुढं ढकललं.

तिनं हे वर्गात सांगितलं. मुलांना वाटलं होतं मिठी वगैरे मारतील. बुद्धभूषण म्हणाला, “मग आपल्याला काय कळलं? भिकानं केलं की नाही ते तर कळलंच नाही.” सुवर्णा म्हणाली, “नाही कळलं.” एखादी गोष्ट कळली नाही हे फळ्यासमोर उभं राहून इतक्या सहज तिनं यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं. मुलांनी त्यावर फार आश्चर्य दाखवलं नाही. ती पुढच्या प्रश्नाकडे वळली, मांजराच्या.

थंडीच्या सुरुवातीला धोंडाबाईंना खोकला झाला. एका संध्याकाळी सुवर्णा मेथी घेत होती. नवसाबाईंनी तिला जवळ बोलावलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, “टीचर, तिला म्हनावं अडुळशाचा काढा घे. आमच्या बांधावर हाय अडुळसा.”

धोंडाबाई हातभर अंतरावर बसल्या होत्या. सुवर्णानं मान वळवून सांगितलं, “काढा घ्या म्हणतायत.”

“घेतीय म्हनावं,” धोंडाबाई सुवर्णाला म्हणाल्या.

सुवर्णानं इकडं वळून तेही सांगितलं. मग हे नेहमीचंच झालं. ती आली की दोघींची काहीतरी कामं निघायची. तिला इचारा, एकादशीला रताळी आणनार का. आणनार म्हनावं. तिला म्हनावं, कालचं गिऱ्हाईक परत आलं व्हतं, वांगी मागत. सांगितलं म्हनावं, उद्या ये म्हनून. सुवर्णा दोघींच्या मध्ये उभी राहून शब्द जसेच्या तसे पोचवायची, आपल्या पदरचं काही न घालता. भिकाचं विचारावं असं कितीतरी वेळा तिच्या ओठांवर यायचं. खरंच त्यानं केलं का, की दोन्ही घरांतल्या पुरुषांनी परस्पर ठरवलं, की आणखी काही? हे दोघींपैकी एकीला तरी आतून ठाऊक असेल, असं तिला वाटत राहायचं. पण ती कधी विचारायची नाही. भाजी घ्यायची आणि पिशवी खांद्याला अडकवायची.

जानेवारीत एके दिवशी तिला घाई होती. पलीकडच्या गाडीवर ती गाजरं पारखत उभी होती आणि मागून नवसाबाईंचा आवाज आला, “टीचर, तिला इचारा, सायखेड्याला कुनाच्या लग्नाला जायचं हाय का तिला रविवारी?”

सुवर्णा गाजरं टाकून वळेपर्यंत थोडा वेळ गेला. तिनं तोंड उघडलं तेव्हा धोंडाबाई नवसाबाईंकडे बघूनच बोलत होत्या. “जायचं हाय ना. पर सकाळची एसटी आता बंद झालीय. तू कशानं जानार हायेस?”